उलट्याला दोन रेघा

आमच्या परसात जवळजवळ चार महिने एक मोटार उभी होती, आणि ती आमची नव्हती. हिरवी, उघडी, लांब नाकाची, जेमतेम दोघं बसतील एवढी. चाकं सायकलीसारखी तारांची. आमच्या बुधवारा पेठेतल्या बायका तिला 'नवरानवरीची मोटार' म्हणायच्या आणि पाण्याला जाता जाता कुंपणावरून डोकावून माझ्या आईला विचारायच्या, "काय वं, निघाले का नाही अजून तुझे नवरानवरी?" आई हसायची नाही. मोटारीपायी तिची वाळवणाची जागा गेली होती, धुणं वाळत घालायची दोरी सोडावी लागली होती, आणि परसात कुठंही पाय ठेवला तरी तेलाचा चिकटा लागायचा. पण तिच्या कपाळाला आठ्या होत्या त्या त्यासाठी नाही. त्या मोटारीवर आमचं सगळं अडकलेलं होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, नर्मदेपलीकडच्या एका छोट्या संस्थानात मोटारखान्याचे मुख्य होते. राजेसाहेबांच्या सात मोटारी त्यांच्या हाताखाली. मी आणि आई बुऱ्हाणपुरात, ते तिकडं. दिवाळीला आठ दिवस यायचे, की परत. त्यामुळं लहानपणी आप्पा म्हणजे मला एक पाहुणाच वाटायचे, पेट्रोलचा वास येणारा, हिंदीत शिव्या देणारा आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून 'कितवीत गेलीस?' असं दरवर्षी नव्यानं विचारणारा. मग संस्थानं विलीन व्हायला लागली. आमच्या घरात ती बातमी शेजारच्या कापडवाल्यानं आणली. "भाभी, आपके साहब की रियासत मर्ज हो गई," तो म्हणाला. मर्ज म्हणजे आजार, एवढं हिंदी आईला येत होतं. राजेसाहेबांना काहीतरी जडलंय असं समजून तिनं दोन दिवस देवाला दिवा लावला. आजही ते आठवलं की मला हसू येतं, आणि मग येत नाही. कारण आजार म्हणावा तर तो आमच्याच घराला जडला होता.

ही हिरवी मोटार त्या गडबडीत बुऱ्हाणपूरला राहून गेली. राजेसाहेब शिकारीला तुकईथडच्या बाजूला आले होते, तिथं ती चिखलात रुतून बंद पडली. ते दुसऱ्या मोटारीनं निघून गेले, आणि आप्पांनी ही बैलांनी ओढत आमच्या परसात आणून ठेवली. ती दुरुस्त होईतो तिकडं विलीनीकरणाच्या सह्या झाल्या, मोटारखान्याला कुलूप लागलं. राजेसाहेबांच्या खाजगीतल्या मोटारी कुठल्या आणि सरकारजमा कुठल्या, याची यादी झाली. त्यात ही सरकारजमा निघाली. एक दिवस इंदूरहून कागद आला: अमुक दिवशी मोटार चालू स्थितीत कचेरीत हजर करावी, सोबत चालकानंही यावं, त्याला नव्या नोकरीत घेण्याचा विचार मोटार पाहिल्यावर होईल. आईनं तो कागद देवापुढं ठेवला. मला तो शब्दन्‌शब्द पाठ झाला, कारण आप्पांनी तो माझ्याकडून सहा वेळा वाचून घेतला होता.

सहा वेळा का, ते मला सहाव्यांदा कळलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "वाच बघू, शाळेत काय शिकून राहिली तू ते तरी कळू दे." मग दुपारी पुन्हा वाच, मग पुन्हा. सहाव्या वेळी मी मुद्दामच एक ओळ गाळली. त्यांना पत्ता लागला नाही, आणि कागद तर त्यांच्या हातात, हात लांब करून धरलेला. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला दिसत नाही?" ते एवढे दचकले की मीच घाबरले. "लांबचं दिसतं," ते हळूच म्हणाले. "एक मैलावरचा बैल पांढरा की तांबडा ते सांगतो. जवळचं तेवढं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. पण हे आईला सांगायचं नाही, मालू. उगीच जीवाला घोर लावून घेईल. आणि बाहेर तर मुळीच नाही. डोळे गेलेला ड्रायव्हर कोण घेईल?" मी मान डोलावली. चौदा वर्षांच्या पोरीला बापानं गुपित सांगणं ही केवढी मोठी गोष्ट! मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मोटारीचं इंजिन चालू झालं होतं, पण मागचे ब्रेक पार संपले होते. पुढचे बरे होते. पाय दाबला की मागून खर्र असा आवाज यायचा, पाट्यावर खडा घासावा तसा. बुऱ्हाणपूरहून इंदूरला जायचं म्हणजे आधी अशीरगडचा घाट, पुढं अजून एक मोठा घाट. मागच्या ब्रेकांशिवाय ते होणं नव्हतं. गावात लॉऱ्यांचं काम करणारा एक मिस्त्री होता, पण आप्पा त्याच्याकडं जाईनात. "मोटारखान्याचा उस्ताद आणि ब्रेकला दुसऱ्याचा हात? चार लोकांत बोलणं होईल, मग का ते विचारणं होईल." तेव्हा ब्रेक परसातच बसवायचे ठरलं. हात माझे, अक्कल त्यांची. ब्रेकचं नवं लायनिंग, म्हणजे ती जाड खरबरीत पट्टी जी चाकाला घासून मोटार थांबवते, मुंबईहून रेल्वे पार्सलानं आलं तेव्हा कागदातल्या तारखेला पाच दिवस उरले होते.

ते दोन दिवस मला असे आठवतात की आत्ताही तळहाताला खाज सुटते. पलीकडच्या गल्लीत मागांचा खटखटाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्या तालावर आप्पा बोलायचे आणि मी हातोडी मारायची. मोटारीखाली जॅक, पुढच्या चाकांना दगड. मधली मोठी चकती ठोकून सैल केली की तारांचं चाक हातात यायचं, मग त्यामागचा ड्रम, आणि ड्रमच्या आत समोरासमोर चंद्रकोरीसारखे दोन लोखंडी तुकडे. त्यांना आप्पा शू म्हणायचे. "जोडा," मी म्हटलं. "जोडा नाही, शू," ते म्हणाले, आणि तेवढ्यावर अर्धा तास गंभीर राहिले. प्रत्येक शूवर जुनी पट्टी तांब्याच्या रिवेटांनी ठोकलेली. ती काढायची, नवी बसवायची, रिवेट असं ठोकायचं की त्याचं डोकं पट्टीच्या आत बुडालं पाहिजे. वर राहिलं तर ड्रम ओरबाडला जाईल. ऐरण कुठून आणायची? मी आईचा लोखंडी खल पालथा घातला. आईनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उद्या मिरच्या काय तुझ्या डोक्यावर कुटू?" पण खल परत मागितला नाही. आम्ही आतली धूळ फुंकर मारून उडवायचो, आणि उडालेली धूळ उन्हात चमकायची. त्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल डॉक्टर काय सांगतात ते मला आता ठाऊक आहे. त्या वेळी ती मला सुंदर वाटली होती.

आप्पा प्रत्येक रिवेटवरून अंगठा फिरवायचे. डोळ्यांचं काम अंगठा करायचा. "हे वर आहे. अजून एक ठोक." ठोकलं की पुन्हा अंगठा. त्यांच्या तोंडून 'हां' निघेपर्यंत मी श्वास धरून बसायची. शू काढतानाच त्यांनी मला छिन्नीनं खुणा करायला लावल्या होत्या. उजव्या चाकाच्या दोन्ही शूंना एकेक रेघ, डाव्या चाकाच्या शूंना दोन-दोन. आणि एक गोष्ट बजावली होती: प्रत्येक चाकात पुढचा शू आखूड पट्टीचा, मागचा लांब पट्टीचा. उजवं चाक आम्ही दोघांनी मिळून बसवलं. माझ्या बोटाला स्प्रिंगचा चिमटा बसला, काळंनिळं झालं, पण रडले नाही. आप्पा म्हणाले, "मोटारखान्यात असतीस तर तुला पहिल्या दिवशी पगारवाढ दिली असती." मला आकाश ठेंगणं झालं.

डाव्या चाकाच्या वेळी तो कापडवाला येऊन बसला. त्याला मोटारीपेक्षा इंदूरची बातमी हवी होती. आप्पांना उठून ओसरीवर जावं लागलं, कारण त्याच्यासमोर माझ्या शेजारी बसून नुसतं अंगठे फिरवत राहणं बरं दिसलं नसतं. जाता जाता त्यांनी मला मोठ्यानं सांगितलं, "मालू, एका रेघेचे सीधे, दोन रेघांचे उलटे. ध्यानात ठेव." आणि ते गेले. मी दोन रेघांचे शू हातात घेतले आणि विचार करत बसले. एका रेघेचे सरळ बसवले, ते बरोबर. दोन रेघांचे उलटे? म्हणजे पुढचा मागं आणि मागचा पुढं? आधी मला ते खरं वाटेना. मग वाटलं, का नाही? आरशात उजव्याचं डावं होतं, तसंच एका चाकाचं दुसऱ्या चाकात उलटं होत असेल. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मी लांब पट्टी पुढं आणि आखूड पट्टी मागं घालून स्प्रिंगा ओढल्या, ड्रम चढवला, चाक ठोकलं. ओसरीवरून आप्पांनी विचारलं, "बसले?" मी म्हटलं, "बसले." "दोन रेघांचे?" "उलटे," मी म्हटलं. "शाब्बास," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा म्हणाले की इंदूरला जाण्याआधी एकदा अशीरगडपर्यंत जाऊन घाट उतरून यायचं, म्हणजे कळेल. मला बरोबर घेतलं, कारण ड्रमला हात लावून पाहायला कुणीतरी हवं, आणि घाटात थांबलं तर चाकाखाली दगड लावायलाही. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरवा ठेचा फडक्यात बांधून दिला. तिनं मोटारीच्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि आप्पांना विचारलं, "नीट थांबते ना ओ ही?" आप्पा म्हणाले, "तुझ्या पोरीनं बसवलेत ब्रेक." एवढंच. आई माझ्याकडं बघत राहिली, आणि मी केवढी फुगले होते ते काय सांगू! सगळा बुधवारा दारात उभा होता. नवरानवरीच्या मोटारीतून बाप-लेक निघालेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असतील.

गावाबाहेरच्या लालबागच्या पुढं रस्ता मोकळा झाला. समोर केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी मधोमध चालली होती. आप्पांनी भोंगा वाजवला आणि हात हलवून ओरडले, "ओ काका, उलटे घ्या! उलटे!" आणि त्या गाडीवाल्यानं शांतपणे, वळूनही न बघता, गाडी डावीकडं घेतली.

माझ्या काळजात धस्स झालं. 'उलटा हात' म्हणजे डावा हात, हे मला काय ठाऊक नव्हतं? बुऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आप्पांनी हात म्हटलंच नव्हतं! उलटे म्हणजे डाव्या बाजूचे. एका रेघेचे उजवीकडचे, दोन रेघांचे डावीकडचे. बस्स, एवढंच ते सांगत होते. अख्ख्या मोटारखान्याला ते कळलं असतं, त्या केळीवाल्याला कळलं, आणि मी, मराठीत पहिला नंबर काढणारी, आरशाचा विचार करत बसले. गाडीत वारा इतका होता तरी मला घाम फुटला. सांगायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. सांगून काय होणार? आप्पा म्हणणार, तुला एक काम धड करता येत नाही. शाब्बास म्हणाले होते, ते परत घेणार. आणि कदाचित काही होणारही नाही. पट्टी काय, पुढं असली काय न् मागं असली काय, शेवटी घासायचीच ना? मी स्वतःची अशी समजूत घालत होते.

निंबोला गावाच्या पुढं सपाट रस्त्यावर आप्पांनी वेग घेऊन तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा मोटार थोडी उजवीकडं सरकली. "सीध्याला ओढते काय?" ते पुटपुटले. मग थांबून मला म्हणाले, "उतर. दोन्ही ड्रमला हात लाव, सारखे तापलेत का सांग." मी उजव्या ड्रमला बोट लावलं, चटका बसला. डाव्याला लावलं. तो पितळी तांब्यासारखा गार. मी तिथं उकिडवी बसले होते, आणि आप्पांचं डोकं वरून माझ्याकडं वाकलेलं होतं. त्या मोटारीवर, त्या कागदावर, आईच्या देवापुढच्या दिव्यावर सगळं अडकलेलं होतं, आणि चूक माझी होती. "दोन्ही सारखे आहेत," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत मी खोटं बरंच बोलले असेन. नवऱ्याशी, सासूशी, शाळेत मुलांच्या पालकांशी. पण ते एकच खोटं असं आहे की आठवलं की अजून तोंड कोरडं पडतं. "नवं लायनिंग आहे, हळूहळू बसेल," आप्पा म्हणाले आणि घाटाकडं निघाले. मला काय वाटलं, ते स्वच्छ सांगते: मला हायसं वाटलं. आणि लगेच, त्याच श्वासात, मला कळलं की आता आपण दोघं मरणार आहोत. चढण सुरू झाली. चढताना ब्रेक लागत नाही. एकेक वळण वर जाताना मी मनात मोजत होते की हेच वळण आता उतरायचं आहे. एका बाजूला दरी, सागाची पानं धुळीनं पांढरी झालेली, वर डोंगरावर किल्ला. आप्पा गुणगुणत होते. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. दिवाळीच्या आठ दिवसांत माणूस गुणगुणत नाही. त्या गाण्यानं माझा धीर पुरा खचला.

वर सपाटीला त्यांनी एका मोहाच्या झाडाखाली मोटार उभी केली, रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि फडकं सोडलं. "खा. उतारावर पोट रिकामं नको." मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो तसाच राहिला. आत जाईना, बाहेर येईना. आप्पा हात पुसत म्हणाले, "चल, उतरू या," आणि उठले. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "आप्पा, उलटे म्हणजे काय?"

"काय?"

"तुमच्या मोटारखान्यात उलटे म्हणजे काय?"

"उलटे म्हणजे उलट्या हाताचे. डावीकडचे. का गं?"

"मी उलटे बसवले."

"हां मग. डावीकडं तर..." ते बोलता बोलता थांबले. माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं.

"लांब पट्टी पुढं घातली," मी म्हटलं. "आखूड मागं. उलटं. आणि डावा ड्रम गारच होता. मी खोटं बोलले." आणि मग भाकरीसकट हुंदका आला आणि मला जोराचा ठसका लागला. आप्पांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थापा मारल्या की मला वाटलं हाच मार. पण तो मार नव्हता. मला पाणी पाजून ते मोटारीच्या पायरीवर बसले, आणि बराच वेळ त्या उताराकडं बघत राहिले, जिकडचं त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं.

"खोटं का बोललीस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलोच असतो," ते म्हणाले. "पण अर्ध्या घाटात मोटार सीध्या हाताला, दरीकडं ओढली असती, मग रागवायला मी कुठं असतो, येडे?" त्यांचा आवाज फाटला. मग स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाले, "आणि माझे डोळे धड असते तर ड्रम चढवायच्या आधी एका नजरेत पकडलं असतं मी."

आम्ही तिथंच मोटार उचलली. रस्त्याच्या कडेला, उन्हात, चाक काढलं, ड्रम काढला, आणि मी पुन्हा त्या दोन रेघांचे शू सोडले. स्प्रिंग तीनदा उडून गवतात गेली आणि मी रांगत रांगत ती शोधली. तेवढ्यात खंडव्याकडून एक मोटारबस आली आणि थांबली. तिचा ड्रायव्हर आप्पांना ओळखत होता. "क्या उस्ताद, बच्ची से काम करवा रहे हो?" तो वरून ओरडला. बसमधली सगळी डोकी खिडक्यांतून बाहेर आली. आप्पा हसले. "सिखा रहा हूँ," ते म्हणाले. बस गेली. आप्पा नव्हे, मीच खाली मान घातली. खोटं का बोललीस म्हणून मला विचारून तेच त्यांनीही केलं होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

शू बसले तेव्हा त्यांनी अंगठ्यानं आधी पुढची पट्टी मापली, मग मागची. मला म्हणाले, "तू पुढच्या बसनं ये. मी मोटार एकटा खाली आणतो."

"मी बसवलेत. मी बसते."

"मालू, हट्ट नको."

"मी बसते," मी म्हटलं आणि दार न उघडता उडी मारून आत बसले. त्यांनी मला उतरवलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर एक हात ठेवून ते उतरले. प्रत्येक वळणाला पाय दाबला की माझाही पाय दाबला जात होता. आजही कुणाच्या मोटारीत बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबतो, आणि माझा नातू मला चिडवतो, "आजी, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये." असो. मोटार सरळ थांबत होती. न इकडं, न तिकडं. खाली सपाटीला आल्यावर आप्पांनी स्वतः उतरून दोन्ही ड्रमना हात लावला. मला विचारलं नाही. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. घरी आईला आम्ही सांगितलं की सगळं झकास झालं.

तिसऱ्या दिवशी ते एकटे इंदूरला गेले. चार दिवस काही कळेना. आई दर गाडीच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची, आणि स्टेशनकडून टांगे येऊन पुढं निघून जायचे. मला रात्रंदिवस त्या दुसऱ्या घाटाची वळणं दिसत होती, जी मी कधी पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी आप्पा पिशवी घेऊन टांग्यातून उतरले. आईनं चेहऱ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं.

"मोटार पास झाली," ते म्हणाले. "साहेबानं स्वतः चालवली. दोनदा करकचून ब्रेक दाबला. म्हणतो, ये ब्रेक किसने किए? मी म्हटलं, मेरी लड़की ने. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो."

"आणि तुमचं?" आईनं विचारलं.

आप्पांनी बशीत चहा ओतला. "त्यानं एक कागद पुढं केला, वाचून सही कर म्हणाला. न वाचता सही केली असती तर काम झालं असतं. मी बराच वेळ कागद धरून उभा राहिलो. मग सांगून टाकलं, साहेब, मला जवळचं दिसत नाही."

"काय दिसत नाही?" आई म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. "अहो, कुणाला काय दिसत नाही?"

साहेब चांगला होता, असं आप्पा म्हणाले. पण डोळ्यांत दोष असलेला ड्रायव्हर घेता येत नाही, दुसरं काही असलं तर कागद पाठवू, एवढं बोलला. तो कागद कधीच आला नाही. मी कोपऱ्यात उभी होते. मला एकच कळत होतं, की घाटावर मी तोंड उघडलं म्हणून आप्पांनी तिथं तोंड उघडलं. मी म्हटलं, "माझ्यामुळं तुमची नोकरी गेली." आणि मला वाटलं ते नाही म्हणतील. मोठी माणसं म्हणतात तसं. आप्पा म्हणाले, "हो, तुझ्यामुळंच." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बरं झालं. आणखी वीस वर्षं कोण वाचून देणार होतं मला?"

पुढं कापसाच्या जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर त्यांना काम मिळालं, पण त्याला तीन-चार महिने लागले, आणि ते महिने आईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. त्याच दिवसांत एका दुपारी ते चौकातून चष्मा घेऊन आले. जाड काचांचा, काळ्या काड्यांचा. ओसरीवर बसून त्यांनी आधी वर्तमानपत्र वाचलं, मोठमोठ्यानं, जाहिरातींसकट. मग खिशातलं एक जुनं रिवेट काढून पाहिलं. मग स्वतःचे हात पाहिले, नखं पाहिली, आणि म्हणाले, "केवढा म्हातारा झालो रे मी!" मी हसत हसत त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आता माझ्याकडं बघा."

त्यांनी पाहिलं. चष्मा थोडा खाली ओढला, पुन्हा वर केला. त्यांचा हात पुढं आला आणि अंगठा माझ्या गालावरून फिरला, कपाळावरून फिरला, नाकाच्या बाजूनं हळूच खाली आला. हसू त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

"हे काय?" ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतात. मला सवय होती, गावाला सवय होती. आरशात मी रोज तेच तोंड बघत होते. "देवीच्या खुणा," मी म्हटलं. "देवी आल्या होत्या ना मला. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," आप्पा म्हणाले. ते स्वयंपाकघराकडं वळले. "मला कळवलं नाहीस?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुम्ही तिकडं एकटे," ती म्हणाली. "जीवाला घोर लावून घेतला असता. धावत आले असते. म्हणून बरी आहे, असंच लिहीत गेली मी. दर पत्रात."

"ही जगेल, असं तरी होतं का तेव्हा?" आप्पांनी विचारलं.

आईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पिठाचे हात पदराला पुसले, ओसरीवर येऊन आमच्याजवळ बसली, आणि पहिल्या दिवशी ताप कसा आला तिथपासून त्यांना सांगायला लागली.